शिकाऊ गाडीमागचा हॉर्न

मालवणातून कुंभारमाठाची चढण चढून चौके, कट्टा करत कसालला जाणारा रस्ता हा या तालुक्यातल्या माणसांचा गाडी शिकण्याचा रस्ता. सकाळी पाव-दुधाच्या गाड्या फिरून गेल्या आणि शाळेच्या गाड्या अजून सुरू व्हायच्या असल्या की मोटार ट्रेनिंग स्कूलच्या लहान गाड्या इथे दिसू लागतात. छपरावर पाटी, पुढे-मागे पांढऱ्या चौकोनात लाल एल, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळून बसलेलं कुणीतरी आणि शेजारी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेले मास्तर. वेग वीस-पंचवीसचा. चढणीवर मास्तर मुद्दाम गाडी थांबवायला लावतात. हँडब्रेक, फर्स्ट गिअर, हाफ क्लच, हळूच ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक खाली. सरावलेला माणूस हे बोलता बोलता करतो. शिकणारा एकेक गोष्ट मनात मोजत करतो, क्लच जरा लवकर सुटतो, गाडी झटका खाऊन बंद पडते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजतो.

शिकवणाऱ्या मास्तरांना विचारलं तर मागच्या हॉर्नवरून ते माणूस ओळखतात. एसटीचा ड्रायव्हर सहसा थांबतो. चिऱ्यांचा ट्रकवाला एकदा वाजवतो, आपण मागे आहोत हे कळावं एवढ्यापुरता. रिक्षावाला जागा मिळाली की बाजूने निघून जातो. हॉर्नवरचा हात जो काढतच नाही, ओलांडताना काच खाली करून ‘आदी शिकान घे, मगे रस्त्यार ये’ असं सुनावून जातो, तो बऱ्याचदा विशीतला असतो आणि त्याचं पक्कं लायसन अजून वर्षाचंही झालेलं नसतं. थोड्या महिन्यांपूर्वी याच चढणीवर, अशाच एल लावलेल्या गाडीत तो घामाघूम होऊन बसलेला होता.

शिकणाऱ्याशी सगळ्यांत उतावळेपणाने वागतो तो नुकताच शिकलेला. असं का होतं, आणि ते बदलणं आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यासाठी का महत्त्वाचं आहे, याचा विचार या लेखात करायचा आहे.

लाल एलमागचा कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमही आले. शिकाऊ परवाना, लोकांच्या तोंडचं ‘लर्निंग’, सहा महिने चालतो. तो हातात पडल्यावर तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची ट्रायल देता येत नाही. त्या काळात चारचाकी शिकणाऱ्याबरोबर, त्या गाडीचा परवाना असलेला माणूस हवा आणि वेळ पडली तर गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. दुचाकी शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याखेरीज मागे कुणालाही बसवायचं नाही. आणि गाडीला पुढे-मागे एल हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड. नियम लिहिणाऱ्यांनी इतकी बारीक मापं दिली, कारण ती खूण मागच्या माणसाला लांबून दिसायला हवी. शिकणारा गाडी शिकतो आहे हे त्याला स्वतःला ठाऊकच असतं. ती पाटी दुसऱ्यांसाठी असते. ती वाचून मागच्याने अंतर ठेवावं आणि दोन मिनिटं धीर धरावा, एवढीच तिची मागणी.

मोटार ट्रेनिंग स्कूलसाठीही नियम आहेत. शिकवायच्या चारचाकीत दुहेरी नियंत्रण हवं. खाजगी गाडी शिकवायची तर किमान एकवीस दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात किमान दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवणं हवं. शिकाऊ परवान्याच्या लेखी परीक्षेत निदान साठ टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. महाराष्ट्रात २०२१ पासून ही परीक्षा आधार क्रमांकाच्या मदतीने घरबसल्या देता येते.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात सिंधुदुर्गातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यात एल कधी लावलेला नाही. इथे पोरगं नववी-दहावीत असतानाच काकाची स्कूटर सड्यावर नाहीतर शाळेच्या मैदानावर फिरवू लागतं. मग बाजारातून नारळ आणायला, मग पिठाच्या गिरणीवर, मग बहिणीला कॉलेजला सोडायला. गाडी आधी येते. लर्निंग नंतर काढतात आणि महिन्याभराने ओरोसच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात किंवा तालुक्याच्या शिबिरात जाऊन ट्रायल देतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे, तरी सड्यावरची शाळा बंद झालेली नाही.

म्हणून एल लावलेल्या गाडीकडे आदराने पाहायला हवं. त्या गाडीत बसलेल्या माणसाने पैसे भरले आहेत, नोकरीतून नाहीतर घरकामातून रोज वेळ काढला आहे, आणि ‘मला अजून येत नाही’ हे अख्ख्या गावासमोर पाटीवर लिहून तो रस्त्यावर उतरला आहे. त्याला हसणारे बरेच जण ही पायरीच गाळून पुढे गेलेले असतात.

सगळ्यांत धोक्याचे महिने

शिकाऊ गाडी दिसली की लोक म्हणतात, ‘लांब राहा, कुठे घालील सांगता येत नाही.’ पण नव्या चालकांच्या अपघातांवर वेगवेगळ्या देशांत जे संशोधन झालं, त्यातून चित्र निराळं दिसतं. शेजारी जाणता माणूस बसलेला असतो त्या काळात शिकणाऱ्याचे अपघात कमी होतात. परवाना मिळतो, शेजारची जागा रिकामी होते, आणि एकट्याने गाडी काढायच्या पहिल्या काही महिन्यांत अपघातांचं प्रमाण एकदम चढतं. पुढे सरावाने ते उतरत जातं. म्हणजे कुंभारमाठाच्या चढणीवर बंद पडलेली गाडी आणि तिच्यामागे हॉर्न वाजवणारी गाडी, या दोहोंत जास्त धोका मागच्या गाडीत बसलेला असतो.

याचं कारण हातापायांत नाही, नजरेत आहे. क्लच, गिअर, ब्रेक महिन्याभरात जमतात. रस्ता वाचायला त्याहून फार वेळ लागतो. अमेरिकेत मोरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी १९७२ साली नव्या आणि मुरलेल्या चालकांची नजर कुठे फिरते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवे चालक गाडीच्या पुढ्यातला जवळचा रस्ताच जास्त पाहत होते आणि त्यांची नजर आरशांकडे कमी वळत होती. मुरलेल्यांची नजर लांबवर आणि आजूबाजूला फिरत होती.

आमच्या रस्त्यांवर या फरकाला फार मोठी किंमत आहे. डांबर अरुंद, साइडपट्टी खचलेली, आणि वळणं अशी की पलीकडचं काही दिसत नाही. गडग्याच्या टोकाला वासराचं नुसतं तोंड दिसतं, त्याच्यामागे गाय असते. आंब्याच्या बुंध्याआड शाळकरी पोरं एसटीची वाट बघत उभी असतात. पावसाळ्यात झाडांखालच्या वळणावर ओला पातेरा साचलेला असतो आणि त्यावर दुचाकीचं चाक क्षणात सरकतं. वर्षानुवर्षं त्या रस्त्यावर गाडी हाकणारा एसटीचा ड्रायव्हर वळण यायच्या आधीच पाय उचलतो. पलीकडे देऊळ आहे, आज तिथे जत्रा आहे, हे त्याला माहीत असतं. नव्या लायसनवाल्याला गाय दिसते ती समोर आल्यावर.

आणि नेमकं त्याच काळात त्याला वाटत असतं की आपल्याला सगळं आलं. १९८१ साली ओला स्वेन्सन या संशोधकाने अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं की, इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी कितपत चांगली चालवता? अमेरिकेतल्या १०० पैकी ९३ जणांनी आणि स्वीडनमधल्या ६९ जणांनी आपण कौशल्यात वरच्या निम्म्यांत बसतो असं सांगितलं. वरच्या निम्म्यांत फक्त ५० बसू शकतात. हा भ्रम सगळ्यांनाच असतो. पण ज्याने नुकतीच परीक्षा दिली आणि साहेबांनी ज्याच्या अर्जावर सही केली, त्याच्याकडे त्या भ्रमाचं सरकारी प्रमाणपत्रही असतं. ट्रायलमध्ये दुचाकीचा आठ काढणं, गाडी सरळ नेणं, मागे घेणं, चढावर थांबवून पुन्हा काढणं एवढं पाहिलं जातं. पावसातली रात्र, समोरून डोळ्यांवर येणारा लाइट, चौपदरी हायवेच्या मिडलकटमधून अचानक वळणारा टेंपो, यातलं काही त्या मैदानावर नसतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची माणसं ४४ टक्क्यांहून जास्त होती. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचं कारण अतिवेग म्हणून नोंदलं गेलं. आपल्या जिल्ह्यात डोक्याला जबर मार लागला की घरच्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलचं. मालवणहून बांबोळीपर्यंतची ती वाट ज्यांनी रात्री अँब्युलन्समध्ये बसून केली आहे, त्यांना पाच मिनिटं वाचवण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

हॉर्न कुणावर वाजतो

नव्या लायसनवाल्याला शिकाऊ गाडीचा इतका राग का यावा? एक कारण साधं आहे. गाडीला वेग द्यायला तो नुकताच शिकला आहे, कमी ठेवायला अजून शिकलेला नाही. पुढची गाडी वीसने चालली की आपली तिसऱ्या गिअरमधली गाडी दुसऱ्यात आणायची, अंतर राखायचं, ओलांडायची जागा हेरायची, हे सगळं त्यालाही जड जातं. स्वतःची तारांबळ तो पुढच्याच्या नावावर टाकतो.

दुसरं कारण मनात खोल आहे. समोरच्या लाल एलमध्ये त्याला कालचा स्वतःचा अवतार दिसतो. गाडी बंद पडल्यावर मागे लागलेली रांग, तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या मित्रांचं हसणं, मास्तरांचा ओरडा. ते सगळं मागे टाकून आपण आता जाणत्यांत आलो, हे त्याला जगाला दाखवायचं असतं, आणि हॉर्न हा त्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग. नव्या भरतीला जुन्या भरतीकडून सोसावं लागतं ते जहाजावर, हॉस्टेलात, ऑफिसातही दिसतं. पण तिथे अपमान होतो आणि माणूस घरी जातो. रस्त्यावर घाबरलेल्या माणसाच्या हातात एक टनाचं यंत्र असतं. मागून सतत हॉर्न वाजला की शिकणारा क्लच सोडतो, भलत्या पेडलवर पाय देतो, गाडी चढणीवर मागे येते. धोका नको म्हणून वाजवलेला हॉर्न स्वतःच धोका उभा करतो.

हॉर्न माणसाचं वजन पाहून वाजतो, हेही प्रयोगाने दिसलेलं आहे. अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम जागेवर थांबवून ठेवली. कधी नवी, महागडी, तर कधी जुनाट. बारा सेकंदांच्या आत महागड्या गाडीमागच्या निम्म्या लोकांनी हॉर्न वाजवला, तर जुनाट गाडीमागच्या ८४ टक्के लोकांनी. वाट सारखीच अडली होती, पण समोरचा आपल्याला काही करू शकत नाही असं वाटलं की हात लवकर उठला. शिकाऊ गाडीतला माणूस उलटून बोलणार नाही याची खात्री पाटीनेच दिलेली असते. त्यात स्टिअरिंगवर बाई असली तर गाडीबरोबर तिच्या बाईपणावरही शेरे पडतात.

विनाकारण हॉर्न वाजवणं हा गुन्हा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०१९च्या दुरुस्तीने त्यासाठी पहिल्यांदा एक हजार आणि पुढच्या वेळी दोन हजार रुपये दंड ठेवला आहे.

चतुर्थीतली पाणंद

हे सगळं एका जागी पाहायचं तर गणपतीच्या दिवसांत मालवणी मुलखात यावं. मालवणला रेल्वे नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली तरी चाकरमान्याला कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवलीला उतरून पुढे यावं लागतं, आणि चतुर्थीचं रिझर्वेशन मिळणं नशिबाचा भाग. त्यामुळे मुंबईत पहिली गाडी घेतली की पहिली लांबची फेरी ठरलेली असते, गावची. लायसन कोरं, गाडी कोरी, आणि समोर पाचशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता. रात्र, पाऊस, कशेडी आणि परशुरामचा घाट, गाडीत आई-वडील, मुलं आणि मांडीवर मखराचं सामान.

तो सकाळी गावात पोचतो तेव्हा थकलेला असतो आणि पाचशे किलोमीटर गाडी आणल्याचा रास्त अभिमानही त्याला असतो. हायवे सुटतो, मग डांबरी रस्ता सुटतो आणि पाणंद सुरू होते. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांचे गडगे, त्यांवर पावसाचं हिरवं शेवाळ, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. समोरून वाडीतलीच कुणी मुलगी, लर्निंग काढलेली, भावाला शेजारी बसवून बाजारात निघालेली असते. दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून थांबतात. ओलांडायला जागा नाही, एकाला मागे घ्यावीच लागणार. चाकरमान्याला हायवेवर ऐंशीने गाडी चालवता येते, पण शेवाळलेल्या गडग्यांमधून पन्नास पावलं मागे घेता येत नाही. तो हॉर्न वाजवतो.

मग शेजारच्या खळ्यातून कुणीतरी रिक्षावाला नाहीतर वयस्कर काका खाली उतरतात. मुलीच्या गाडीमागे जाऊन उभे राहतात, हात वर करतात. ‘येवंदे, येवंदे, जरा डावीकडे तोड, येवंदे... बस.’ मुलगी आरशात फक्त तो हात पाहते आणि बोटभर-बोटभर करत गाडी मागे घेऊन कुणाच्या तरी बेड्यात लावते. रिव्हर्स तिला मास्तरांनी रोज गिरवून घेतलेला असतो, तो तिच्या हातात ताजा असतो. चाकरमान्याची गाडी पुढे जाते. जाताना कुणी हात उचलून आभार मानतो, कुणी मानत नाही.

अशी गाठ चतुर्थीत वाडीवाडीत पडते. गावातली रीत सरळ आहे, ज्याच्या मागे जागा जवळ त्याने मागे घ्यायची. चढणीसाठी कायद्यातही तेच तत्त्व आहे. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण चढणीवर थांबलेली गाडी पुन्हा काढणं कठीण. ज्याला अवघड, त्याला आधी वाट. शिकणारा तर सपाट रस्त्यावरही चढणीवरच असतो.

डिसेंबरात आणि मे महिन्यात हीच परीक्षा तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावरून एकच रस्ता. त्यावरून एसटी, पर्यटकांच्या गाड्या, भाड्याच्या स्कूटर आणि गावातली शिकणारी पोरं. या रस्त्यावर घाई करून कुणी लवकर पोचत नाही, कारण एक गाडी आडवी अडकली की सगळा गाव अडकतो.

घरातले मास्तर

नव्या लायसनवाल्याची वृत्ती रस्त्यावर दोन मिनिटं दिसते आणि विरून जाते. घरात तिचा परिणाम खोल होतो, कारण आपल्याकडे गाडी शिकवण्याचं मोठं काम घरातच चालतं. इथे कायद्यातही एक उणीव आहे. शिकवणाऱ्याकडे परवाना हवा एवढंच नियम सांगतो, तो किती जुना हवा हे सांगत नाही. काल पक्कं लायसन मिळालेला भाऊ आज बहिणीच्या शेजारी कायदेशीरपणे मास्तर म्हणून बसू शकतो. ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकाच्या शेजारी बसणाऱ्याचं वय किमान २१ आणि परवाना किमान तीन वर्षं जुना लागतो. घरच्या गाडीत दुसरा ब्रेकही नसतो. मग भावाच्या हाती राहतो तो फक्त आवाज. ‘ब्रेक दाब, ब्रेक दाब म्हटलंय ना!’ मध्येच तो स्टिअरिंग ओढतो. बहीण चार दिवसांनी चावी खुंटीला लावते ती कायमची.

हे नुकसान लहान नाही. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या. घरचा पुरुष मुंबईला, गोव्याला, बोटीवर किंवा आखातात, आणि घर, शेत, म्हातारी माणसं, शाळा, बँक, दवाखाना हे सगळं बाईच्या अंगावर, असं चित्र गावोगाव आहे. संध्याकाळी शेवटची एसटी चुकली की तिला कुणाच्या तरी मोटरसायकलची वाट पाहावी लागते. तिने गाडी शिकणं ही हौस नाही, गरज आहे. आणि तिचं शिकणं बंद पडतं ते बहुतेक वेळा गाडीच्या भीतीने नव्हे, शिकवणाऱ्याच्या तोंडामुळे.

आता काही घरांत उलटी शाळाही भरते. मुलगी अठराची झाली, लायसन आलं, आणि ती चाळिशी उलटलेल्या आईला स्कूटर शिकवते. सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान रिकामं असतं. आईने पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, दोन्ही पाय जमिनीवर घासत ती स्कूटर पुढे ढकलते. मुलगी मागची कडी धरून शेजारून धावते. ‘पाय वर घे गो आई, खाली बघू नको, लांब बघ, त्या झाडाकडे बघ.’ आई झाडाकडे बघते, पाय वर जातात आणि दहा पावलं गाडी स्वतःच्या तोलावर जाते.

‘लांब बघ’ हे वाक्य आईपेक्षा मुलीला जास्त उपयोगी आहे. दुसऱ्याला शिकवताना आपण काय पाहतो ते मोठ्याने बोलावं लागतं, आणि बोलताना नजर आपोआप पुढे जाते. ब्रिटिश पोलिस चालकांच्या प्रशिक्षणात अशी पद्धतच आहे. गाडी चालवता चालवता पुढे काय दिसतंय आणि त्यातून काय होऊ शकतं हे बोलत राहायचं. ‘डावीकडे रिक्षा थांबली आहे, दार उघडेल. पुढे शाळा आहे, वेग कमी.’ नव्या लायसनवाल्याने धीराने एकाला गाडी शिकवली, तर त्या शिकवण्यातून तो स्वतःही जाणता होतो.

नव्यांचीही खूण हवी

आपल्या कायद्यात माणूस एक तर शिकाऊ असतो किंवा चालक. ट्रायल पास झाली की एल निघतो आणि काल मास्तरांशिवाय गाडी काढता न येणारा माणूस आज रात्री बारा वाजता आंबोलीच्या धुक्यात एकटा जायला मोकळा होतो. मधली पायरीच नाही.

ती पायरी काही देशांनी बांधली आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात पंचवीस वर्षांखालच्या शिकणाऱ्याला १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते आणि त्यात २० तास रात्रीचे लागतात. परवाना मिळाल्यावर आधी लाल आणि मग हिरव्या पीची पाटी लावून काही वर्षं काढावी लागतात. आपल्या दहा तासांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. जपानने १९७२ साली नव्या चालकांसाठी हिरव्या-पिवळ्या पानासारखी खूण आणली. परवाना मिळाल्यापासून वर्षभर ती गाडीवर लावणं सक्तीचं आहे, आणि ती लावलेल्या गाडीच्या अंगावर गाडी घालणाऱ्याला किंवा तिच्यापुढे घुसणाऱ्याला दंड होतो. त्या कायद्यात नव्याने सांभाळून चालवायचं आहे आणि इतरांनी त्याला सांभाळायचं आहे. जबाबदारी दोन्हीकडे वाटलेली आहे.

आपल्याकडे असा कायदा करणं दिल्लीच्या हाती आहे, आणि तो व्हायला हवा. शिकवणाऱ्याचा परवाना किमान काही वर्षं जुना हवा हेही त्यात यायला हवं. पण जिल्ह्याच्या पातळीवर होण्यासारखं खूप आहे. मोटार ट्रेनिंग स्कूलनी ट्रायलनंतरचे दोन दिवस अभ्यासक्रमाला जोडावेत, एक रात्रीचा आणि एक पावसातला. तालुक्याच्या शिबिरात पास झालेल्यांना एकत्र बसवून अर्धा तास फक्त शिकाऊ गाडीमागे कसं वागायचं ते सांगावं. किती अंतर ठेवायचं, कुठे ओलांडायचं, समोरची गाडी बंद पडली तर काय करायचं. आणि घरोघरी पहिलं वर्षभर गाडीच्या मागच्या काचेवर ‘नवा चालक’ असं लिहिलेला कागद स्वतःहून लावायला कोणत्याही कायद्याची गरज नाही.

या जिल्ह्याला सांभाळून घेणं शिकवावं लागणार नाही. आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात. कंपनीत नव्याने आलेला पोरगा जत्रेतल्या गर्दीसमोर अडखळला, तर समोर उभा असलेला मुरलेला राजा त्याचा शब्द उचलतो, दुसरा प्रश्न घालतो, त्याला सावरायला दोन क्षण काढून देतो. प्रेक्षकांना कळतही नाही. उद्या तोच पोरगा राजा होतो आणि त्याच्यापुढे नवा कुणी उभा असतो. पहाटेपर्यंत नाटक चालतं ते या एका शिस्तीवर. रात्री देवळाच्या आवारात पाळलेली ही शिस्त दिवसा रस्त्यावर पाळणं आपल्याला अशक्य नाही.

या पाडव्याला कितीतरी घरांपुढे नवी गाडी उभी राहील, तिला हार पडेल, चाकाखाली लिंबू फुटेल आणि घरातलं कुणीतरी नव्या लायसननिशी चावी हातात घेईल. त्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिलं वर्ष स्वतःला शिकाऊच समजा. समोर लाल एल दिसला की दोन गाड्यांचं अंतर ठेवा, हॉर्नवरचा हात काढा, आणि गाडी बंद पडली असेल तर ती पुन्हा सुरू होईपर्यंत थांबा. घरात कुणाला शिकवायला बसलात तर आवाज चढवू नका. आणि ज्यांचं लायसन जुनं आहे त्यांनी घरातल्या नव्याला हे करायला लावावं. शिकणाऱ्याला रस्ता देणारा प्रत्येक नवा चालक हा या जिल्ह्याच्या रस्त्यावरचा एक जाणता चालक वाढवतो, आणि आपल्याला आज सगळ्यांत जास्त गरज त्याचीच आहे.